बोट नसताना उघडणारा पूल

“बोट कुठाय?” खारूताईने वरून विचारलं.

वरून म्हणजे नदीकाठच्या दगडी भिंतीवरून. दहा वर्षांची ही पोरगी सरळ जमिनीवर उभी असलेली कुणी पाहिलीच नव्हती, त्यामुळे अख्खी गल्ली तिचं खरं नाव विसरून गेली होती. खाली भिंगरी आणि तिचा मामेभाऊ ठोंब्या उभे होते. समोर घंटा घणघणत होती, दोन्हीकडची फाटकं खाली आली होती आणि लोखंडी पुलाचा मधला भाग करकरत वर चालला होता.

“असेल वळणापलीकडे,” ठोंब्या म्हणाला. त्याची नजर मोबाइलमध्ये होती.

“वळणापलीकडचंही दिसतं मला इथून. नदी रिकामी आहे. एक बदक आहे फक्त.”

“मग बदकासाठी उघडला असेल.”

एरवी या असल्या विनोदावर सगळ्यात आधी भिंगरी हसली असती. पण आज ती हसली नाही. एका जागी पाय न ठरणारी ही मुलगी खिळल्यासारखी उभी राहून पुलाकडे बघत होती. कारण पुलाच्या त्या टोकाला दवाखाना होता आणि या टोकाला, मामाच्या घरात, तिची आई होती.

आईला बाळ होणार होतं. बाबा जहाजावर नोकरीला, त्यांना यायला अजून अवकाश. म्हणून सुट्टी लागताच मायलेकी मामाकडे राहायला आल्या होत्या. मामाचं घर नदीला लागून. पूल ओलांडला की दवाखाना, आणि मामी तिथेच नर्स. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, “पोटात कळ आली की निघायचं. आवरत बसायचं नाही. या वेळी उशीर चालणार नाही.”

‘या वेळी’ म्हणजे काय ते भिंगरीला कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसांना वाटतं, आपण आवाज खाली केला की मुलांचे कान बंद होतात. तीन वर्षांपूर्वी आई रात्री गाडी मिळेपर्यंत तळमळत होती, हे तिने पाहिलं होतं. नंतर आई एकटीच घरी आली होती आणि बाळासाठी आणलेलं छोटं पिवळं पांघरूण कपाटाच्या तळाशी गेलं होतं, हेही तिने पाहिलं होतं.

पूल असा उगाचच वर असताना आईला कळ आली तर? दुसरा पूल पार वरच्या अंगाला, तासाभराच्या वाटेवर.

“पूल कोण चालवतं, आपला मामाच ना?” ती म्हणाली. “त्यालाच विचारू या.”

मामा संध्याकाळी घरी आला तो शीळ घालतच. उंच मनोऱ्यावरच्या केबिनमध्ये बसून पूल उचलायचा आणि खाली आणायचा, हे त्याचं काम. गल्लीतली लहान मुलं त्याला राजाच समजायची, आणि खरं सांगायचं तर भिंगरीही त्यांच्यातलीच एक होती.

“मामा, आज दुपारी पूल का उघडलास? बोट तर नव्हती.”

मामाने चहाचा कप तोंडाशी नेला आणि जरा जास्तच वेळ तिथे ठेवला. “तपासणी असते गं. लोखंड आहे ते. हलतं ठेवावं लागतं, नाहीतर सांधे धरतात. माझ्या गुडघ्यांसारखे.”

आई हसली, ठोंब्या हसला. भिंगरीच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. मामा थापा मारायचा, पण गमतीने. आणि गमतीची थाप मारताना तो समोरच्याच्या डोळ्यात बघायचा. आज तो कपात बघत होता.

दुसऱ्या दिवशी तिघांनी धक्का गाठला. तिथे वाळूची मोठी बोट लागलेली होती आणि तिचे कप्तानकाका दोरांच्या वेटोळ्यावर बसून मोजे वाळत घालत होते.

“तपासणी?” कप्तानकाकांनी भुवया चढवल्या. “ती भल्या पहाटे होते. रस्त्यावर चिटपाखरू नसतं तेव्हा. भर दुपारी गाड्या अडवून कोण तपासणी करेल? आणि काल तर मी खराच आलो होतो, दुपार टळल्यावर. भोंगा वाजवून वाजवून घसा सुकला, म्हणजे भोंग्याचा. किती वेळाने उघडला. तुमच्या मामाला म्हणावं, झोपा काढतोस काय?”

परत येताना भिंगरी मनात जुळवून बघत होती. बोट नसताना पूल उघडतो, आणि बोट येते तेव्हा उघडत नाही. मामा खोटं बोलला होता.

“चोरटा माल,” खारूताई पत्र्याच्या छपरावरून चालता चालता म्हणाली. “पूल वर गेला की ती खूण. मग नदीतून पाणबुडी येते.”

“नदीत गुडघाभर गाळ आहे. पाणबुडी रुतेल.” ठोंब्याने मान वर न करताच निकाल दिला.

“ठोंब्या, तुझ्या बाबांबद्दल बोलतोय आपण,” भिंगरी वैतागली. “तो मोबाइल ठेव ना खाली.”

“ठेवतो. हे एवढं पीस मिळू दे.”

तेवढ्यात पुन्हा घंटा घणघणली. पूल वर. तिघं धावतच फाटकाशी पोचली. गाड्यांची रांग लागत होती. पुढे पाववाल्याची बंद गाडी, मागे स्कूटरी, टॅक्सी, एक मोठी बस. भिंगरीने नदीकडे पाहिलं. बोट नव्हतीच. पण तिला आणखी काहीतरी खटकलं, आणि काय ते कळायला थोडा वेळ लागला.

“कुणी हॉर्न कसा वाजवत नाही?”

खरंच की. एवढी मोठी रांग, ऊन मी म्हणतंय, आणि एकही माणूस चिडलेला नाही. पाववाला मान खाली घालून बसलेला. स्कूटरवरची बाई मान खाली घालून उभी. बसच्या खिडक्यांत ओळीने वाकलेली डोकी. जणू सगळ्यांना एकदमच काहीतरी हरवलेलं शोधायचं होतं.

“आली,” ठोंब्या पुटपुटला. “महापेटी आली. पुलावरच आली परत.”

भिंगरीने त्याचा खांदा धरून त्याला आपल्याकडे वळवलं. “परत म्हणजे? नीट सांग. सगळं सांग.”

ठोंब्याला शाळेत प्रश्न विचारला तर उत्तर यायला आठवडा लागायचा. पण या विषयात त्याची गाडी सुसाट सुटली. खेळाचं नाव ‘गरुडपेटी’. मोबाइल घेऊन हिंडायचं, वाटेत पेट्या सापडतात, पेटीत पीस असतं. पिसं जमवून गरुड पुरा करायचा. पहिल्या दिवशी पिसंच पिसं मिळतात, अगदी खिरापतीसारखी. मग हळूहळू कमी होतात. शेवटची सोनेरी पिसं फक्त महापेटीत. आणि महापेटी कुठेही येत नाही. जिथे खूप खेळणारे एका जागी जमतात, तिथेच ती उगवते. सगळ्यांनी मिळून तिच्यावर बोट दाबून धरायचं, बराच वेळ. मधेच माणसं निघून गेली तर ती फिकी पडते आणि बुडते.

“आणि उघडली की सोनेरी पीस मिळतं?”

“कधी मिळतं. बहुतेक वेळा नाही.”

“मग कशाला एवढा जीव टाकायचा?”

ठोंब्याने जरा विचार केला. “दर वेळी मिळालं असतं ना, तर केव्हाच कंटाळलो असतो. कधी मिळेल ते माहीत नसतं, म्हणून तर उठवत नाही. आत्ता उठलो आणि पुढच्याच पेटीत असलं तर? आणि मला आता एकच पाहिजे. बाबांनासुद्धा एकच—”

तो मधेच थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या कानांनी आधी ऐकलं आणि डोक्याला मागून कळलं.

“मामा खेळतो?”

“मीच शिकवला,” ठोंब्या बारीक आवाजात म्हणाला. “पावसाळ्यात. केबिनमध्ये कंटाळा येतो म्हणाले म्हणून.”

भिंगरीने मान उचलून मनोऱ्याकडे पाहिलं. “म्हणजे पूल उघडला म्हणून गर्दी होते, आणि गर्दी झाली म्हणून पेटी येते, असं नाहीच. पेटी यावी म्हणून गर्दी लागते. आणि गर्दी व्हावी म्हणून पूल उघडतो.”

वर लोखंडी पूल आभाळाकडे तोंड करून उभा होता.

पुराव्याशिवाय मामावर आळ घ्यायला भिंगरीचं मन होईना. मग खारूताई कामी आली. पुलासमोरच्या बंद गिरणीला बाहेरून रुंद जिना होता आणि त्याच्या माथ्यावरून केबिन थेट दिसायची. पुढच्या वेळी घंटा वाजली तेव्हा ती आधीच तिथे जाऊन बसली होती, आपल्या बाबांची दुर्बीण गळ्यात घालून. खाली आली ती पहिल्यांदाच पायऱ्या मोजून उतरल्यासारखी हळू.

“कानात गाणी ऐकायचं ते घातलंय. पाय टेबलावर. मोबाइल दोन्ही हातांत.” तिने ठोंब्याकडे पाहिलं. “आणि भिंतीवरचा लाल फोन आहे ना, फाटकाशी जोडलेला, त्याचा रिसीव्हर खाली काढून ठेवलाय. वाजू नये म्हणून.”

ठोंब्या खाली बसला. त्याच्या हातातला मोबाइल मधूनमधून थरथरत होता, पण त्याने तो पाहिला नाही.

त्या संध्याकाळी मामी कामावर होती, आई आत पडली होती. भिंगरीने मामाला स्वयंपाकघरातच गाठलं आणि घाबरत का होईना, सगळं तोंडावर सांगून टाकलं. मामा आधी हसला. मग रागावला, “माझ्यावर पाळत ठेवता होय?” मग भिंतीला टेकून उभा राहिला.

“मामा, आईला कळ आली आणि पूल वर असला तर?”

“वेडी आहेस का? तुझ्या आईसाठी तर मी पूल हातात धरून बसलोय. तिची गाडी दिसली की पूल खाली आलाच समज.”

“पण तू बघतच नसतोस.”

हे त्याला लागलं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळ्यात बघून म्हणाला, “बरं बाई. बंद. उद्यापासून हात लावणार नाही. एकच पीस राहिलंय, तेही गेलं उडत. झालं समाधान?”

भिंगरीचं समाधान झालं. मामा मनापासून बोलत होता, तिला ते दिसत होतं. मनापासून बोललेलं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही टिकत नाही, हे कळायचं तिचं वय नव्हतं. मामाचं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं होऊन आई जरा आडवी झाली होती. अचानक तिने भिंगरीला हाक मारली, आणि त्या हाकेतच भिंगरीला सगळं समजलं. खारूताईचे बाबा टॅक्सी चालवत. ते घास टाकून उठले. आई मागच्या सीटवर, शेजारी भिंगरी, पुढे ठोंब्या. खारूताई कधी आत शिरली ते कुणालाच कळलं नाही.

“दोन मिनिटांत पोचू,” खारूताईचे बाबा म्हणाले. वळण घेतलं आणि त्यांनी करकचून ब्रेक दाबला.

फाटक बंद होतं. पूल वर होता. समोर रांग, आणि रांगेत वाकलेली डोकी. मागे वळावं तर तोवर मागेही गाड्या येऊन चिकटल्या. टॅक्सी दोन्हीकडून अडकली.

“बोट असेल,” आई दात आवळून म्हणाली. “जाईल आत्ता.”

भिंगरीने नदीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती दार उघडून पळत सुटली. फाटकाशी लाल फोन होता. तिने तो कानाला लावला. नुसताच टूं-टूं आवाज. मनोऱ्याचं दार आतून बंद. पूल वर असताना ते बंदच ठेवायचं, असा नियम होता. तिने दोन्ही मुठींनी ते बडवलं. उतरताना उचललेल्या आईच्या मोबाइलवरून मामाला फोन लावला. तो लागलाच नाही; खेळताना मामा येणारे फोनही बंद ठेवत असावा. खालून केबिनची काच दिसत होती आणि काचेत मामाच्या टोपीचं टोक. ती घसा फुटेस्तोवर ओरडली. टोपी हलली नाही. नदीवरच्या वाऱ्याने तिची हाक खाल्ली.

आत्ता रडलो तर रडतच राहू, हे तिला कळत होतं. म्हणून ती रडली नाही. तिने स्वतःला विचारलं: मामा वर कधी बघेल?

पेटी बुडाली तर.

ती उलट पावली टॅक्सीकडे धावली. “ठोंब्या, पेटीवर किती जण आहेत?”

“खूप,” तो म्हणाला. मोबाइल त्याच्या हातात होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “जवळजवळ भरत आलीय. उघडेलच आता. उघडली की बाबा पूल खाली घेतील, भिंगरी, थोडंच राहिलंय…”

मागून आईचा आवाज आला. दाबलेला, पण आला. ठोंब्याने मागे वळून पाहिलं. मग त्याने डोळे मिटले आणि खेळ बंद केला.

“काल तर उघडायला आली आणि पुन्हा अर्ध्यावर गेली होती,” तो म्हणाला. “नेहमी थोडंच राहिलेलं असतं. सगळ्यांना बंद करायला लावू. चल.”

बोलायला सोपं होतं. स्कूटरवरच्या बाईने मान न वळवता हात झटकला. “मी एकटीने बंद करून काय होणार? बाकीचे आहेतच की.” एक चष्मेवाले गृहस्थ म्हणाले, “आलोच हं बाळ, एकच मिनिट.” बसमधल्या दोन मुलांना वाटलं, ही गर्दी पांगवून पेटी स्वतःच लाटायची युक्ती आहे. ती भिंगरीलाच हसली.

पाववाल्याच्या खिडकीशी आल्यावर भिंगरीच्या लक्षात आलं की आपण चुकीचं मागतोय. या माणसांकडे काही मागून उपयोग नव्हता. त्यांना काहीतरी दाखवायला हवं होतं.

“काका, बोट दाखवा मला,” ती म्हणाली.

“ऑं?”

“पूल उघडलाय ना, मग बोट कुठे आहे? एवढंच दाखवा.”

पाववाल्याने वैतागून नदीकडे पाहिलं. मग डाव्या अंगाला पाहिलं. मग गाडीतून मान बाहेर काढून उजव्या अंगाला. त्याचा अंगठा मोबाइलवरून कधी उचलला गेला, ते त्यालाही समजलं नाही.

“बोट नाहीये,” तो म्हणाला.

“नाहीये. तुम्ही सगळे इथे थांबावं म्हणूनच पूल वर आहे. आणि त्या टॅक्सीत माझी आई आहे. तिला बाळ होतंय, आत्ता. दवाखाना तो समोर.”

पाववाल्याने टॅक्सीकडे पाहिलं. आई श्वास घ्यायला दार उघडून बाहेर आली होती आणि दाराला धरून वाकून उभी होती. पाववाल्याने मोबाइल सीटवर फेकला. खाली उतरला तो असा काही गरजला की पुलावरची कबुतरं उडाली.

“ए, बंद करा ते! सगळ्यांनी! ती बाई बघा आधी!”

मग मात्र चक्र फिरलं. भिंगरी एका बाजूने, ठोंब्या दुसऱ्या बाजूने, मधून पाववाला. “बोट दाखवा. कुठाय बोट?” प्रत्येक जण नदीकडे बघायचा, मग टॅक्सीकडे, आणि मग ओशाळून हातातल्या मोबाइलकडे. स्कूटरवरच्या बाईने तर आपला बंद करून शेजारच्याचाही हिसकावून बंद केला. खारूताई पाववाल्याच्या गाडीच्या टपावर पोचलीच होती. त्याचं गाडी पुसायचं लाल फडकं ती दोन्ही हातांनी हलवत होती.

“टोपी हलली,” ती वरून ओरडली.

मनोऱ्यातली टोपी खरंच हलली होती. वर मामाच्या हातातली महापेटी फिकी पडत होती, माणसं एकामागून एक गळत होती, आणि का गळताहेत ते त्याला कळेना. तो चिडून उठला आणि खिडकीशी आला. आधी त्याला लाल फडकं दिसलं असावं. मग पाववाला. मग टॅक्सी, आणि टॅक्सीच्या दाराला धरून वाकलेली त्याची ताई.

मामा एवढ्या उंचावर होता की त्याचा चेहरा दिसणं शक्य नव्हतं. पण भिंगरीला दिसलं की त्याने दोन्ही हात काचेवर टेकले, आणि लगेच तो खिडकीतून नाहीसा झाला.

घंटा घणघणली. पूल खाली यायला लागला.

पण लोखंडाला घाई माहीत नसते. तो आपल्या चालीनेच उतरणार. इंच इंच, करकर करत. भिंगरी आईचा हात धरून उभी होती आणि आई तिचा हात असा आवळत होती की बोटं मोडतील. सगळ्या रांगेने गाड्या डाव्या अंगाला दाबून मध्ये वाट केली होती. शेवटी धडामकन आवाज झाला, फाटक उचललं गेलं आणि खारूताईच्या बाबांनी टॅक्सी अशी काही काढली की ते त्यांना पुन्हा कधीच जमलं नसतं.

दवाखान्याच्या दारात मामी चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. आई आत गेली. दार लागलं.

मग थांबणं. पुलापाशी निदान पळता तरी येत होतं. इथे फक्त दार होतं, पांढरं, आणि त्यावर एक गोल काच, तीही धुरकट. ठोंब्या भिंगरीच्या शेजारी बसून राहिला. खारूताई पहिल्यांदाच खुर्चीवर बसली, तीही पाय खाली सोडून.

आधी रडणं ऐकू आलं. बारीक, पण अतिशय रागावलेलं. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, कपाळावरचा घाम पुसत.

“मुलगी आहे. दोघी ठीक आहेत.” त्या थांबल्या आणि तिघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, “नाळ गळ्याभोवती होती. वेळेत आलात म्हणून जमलं. पुलावरचं सगळं टॅक्सीवाल्यांनी सांगितलं मला. शाब्बास रे पोरांनो.”

आता मात्र भिंगरी रडली. आवाज काढून, नाक गळेपर्यंत, भर दवाखान्यात. कुणी तिला गप्प केलं नाही.

मामा व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसला होता. कधी आला होता कुणास ठाऊक. त्याने केबिनमधूनच आपल्या वरिष्ठांना फोन करून सगळं खरं सांगितलं होतं, दुसरा माणूस बोलावून घेतला होता आणि पुलावरून चालत आला होता. मुलं जवळ गेली तेव्हा त्याच्या शेजारी ठेवलेला मोबाइल थरथरला. पडद्यावर रंगीत अक्षरं नाचत होती: ‘कुठे गेलात? तुमच्यासाठी खास भेट आली आहे.’

“सोडून गेलं की जास्तच देतात,” ठोंब्या म्हणाला. “म्हणजे माणूस परत येतो.”

मामाने मोबाइल त्याच्यापुढे धरला. “काढून टाक हे. तूच काढ.”

“माझं मी काढलं, बाबा. तुमचं तुम्हीच काढा.”

मामाचा अंगठा त्या अक्षरांवर थोडा वेळ तरंगत राहिला. मग त्याने खेळ काढून टाकला, आणि काहीतरी जड उचलून ठेवल्यासारखा श्वास सोडला.

तेवढ्यात पूलखात्याच्या मुख्य अधिकारी बाई आल्या, मागे पाववाला. मामा उठून उभा राहिला. बाई त्याला म्हणाल्या, “चौकशी होईल. तोवर तुम्ही केबिनमध्ये पाऊल ठेवायचं नाही.” मामा फक्त “हो” म्हणाला. मग बाई मुलांकडे वळल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. “जे आमच्या खात्यातल्या एकाही शहाण्या माणसाच्या लक्षात आलं नाही, ते तुम्ही शोधलंत. एवढी रांगभर मोठी माणसं नदीसमोर उभी राहून नदीकडे बघत नव्हती. तुमचा सत्कार करायचाय आम्हाला. सांगा, काय बक्षीस हवं?”

“नक्की मिळणार का?” खारूताईने सावधपणे विचारलं. “की कधी मिळणार, कधी नाही?”

पाववाला खो खो हसला. अधिकारी बाईंना त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. भिंगरी मात्र मामाकडे बघत होती. तो दाराकडे बघत होता आणि पाऊल पुढे टाकायची त्याची छाती होत नव्हती.

“मला बक्षीस नको,” ती म्हणाली. “मला आत जायचंय. मामाला घेऊन.”

मामीने दार उघडलं. आई उशीला टेकून बसली होती, थकलेली, केस विस्कटलेले, आणि कुशीत पिवळ्या पांघरुणात एक लालबुंद तोंड. मामा दारातच थबकला.

“ताई, मी खिडकीबाहेर बघतच नव्हतो,” तो म्हणाला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. भिंगरीला वाटलं, आता ओरडेल. किंवा म्हणेल, असू दे. आईने दोन्ही केलं नाही.

“मी फाटकाशी उभी होते तेव्हा तुझा फार राग आला होता,” ती म्हणाली. “अजून आहे. तो जाईल तेव्हा जाईल. ये, बस इथे.”

मामा खाटेच्या कडेला बसला. आईने बाळ उचलून त्याच्यापुढे धरलं.

“घे. दोन्ही हातांनी. आणि हिच्याकडे बघ.”

मामाने दोन्ही हात पुढे केले.